सीजी नंबरचं माशीचं प्रोटीन: काम काय, हे कशावरून ठरवायचं?

वैदेही_नाग

नमस्कार मंडळी. इथे पाककृती आणि राजकारण सोडून दुसरे धागे फार चालत नाहीत हे माहीत आहे, तरी टाकते.

नागपुरात पीएचडी करतेय, विषय ड्रॉसोफिला, म्हणजे छोटी फळमाशी. माझ्या वाट्याला आलेल्या प्रोटीनला अजून नाव नाही. फ्लायबेसमध्ये (माशीच्या जनुकांचा डेटाबेस) नुसतं 'सीजी' आणि पुढे आकडे. (पूर्ण नंबर देत नाही, कोण कोण वाचतं सांगता येत नाही.) २००० साली माशीचा जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा संगणकाने हुडकलेल्या जनुकांना असे नंबर पडले. ज्यांचं काम पुढे कुणी शोधलं त्यांना नावं मिळाली, बाकीची अजून रांगेत उभी आहेत.

हाती आहे ते असं. लांबी २६० अमिनो आम्लांच्या आसपास. इंटरप्रो (प्रोटीनचं कुटुंब ओळखणारा डेटाबेस) म्हणतं 'शॉर्ट-चेन डिहायड्रोजिनेज/रिडक्टेज', म्हणजे एसडीआर कुटुंब, रेणूंचं ऑक्सिडेशन-रिडक्शन करणारी एन्झाइमं. माणसातला सगळ्यात जवळचा नातेवाईक डीएचआरएस११, क्रम साधारण ३८ टक्के जुळतो. फ्लायॲटलसवर (कुठलं जनुक कुठल्या अवयवात किती चालतं त्याची नोंद) पाहिलं तर प्रौढ माशीच्या माल्पिघी नलिकांत, म्हणजे उत्सर्जनाच्या नळ्यांत, भरपूर, मध्यांत्रात बऱ्यापैकी, डोक्यात जवळजवळ नाहीच. आरएनएआयने (जनुकाचा संदेश नष्ट करणाऱ्या तंत्राने) जनुक दाबलं तरी माश्या मजेत. उडतात, अंडी घालतात, कशाचंच काही वाटत नाही त्यांना. डेटाबेसमध्ये कामाच्या रकान्यात 'ऑक्सिडोरिडक्टेज ॲक्टिव्हिटी' एवढंच.

पुढच्या महिन्यात कमिटीसमोर 'हे एन्झाइम काय करतं' ते मांडायचं आहे. गाईडचं म्हणणं, माणसातलं डीएचआरएस११ स्टेरॉइडवर चालतं, तर तू '१७-बीटा हायड्रॉक्सिस्टेरॉइड डिहायड्रोजिनेज' लिहून मोकळी हो. मला पटत नाहीये. पण नुसतं 'पटत नाही' म्हणून कमिटीपुढे उभं राहता येत नाही ना.

---

टेबलफॅन

माशी मारायचा उपाय शोधत आलो होतो, इथे माशीची पीएचडी चाललीय. बसतो.

---

कोडवाला_पाटील

सोपं आहे. अल्फाफोल्डच्या (क्रमावरून प्रोटीनची घडण सांगणारा प्रोग्रॅम) डेटाबेसमधून मॉडेल उतरवून घे, फोल्डसीकमध्ये टाक, सारख्या घडणीची प्रोटीनं दहा मिनिटांत समोर येतात. त्यांच्या क्रिस्टलमध्ये कुठला रेणू बसलाय ते बघ आणि तोच तुझ्या मॉडेलमध्ये डॉक कर, म्हणजे संगणकावर बसवून बघ. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल उगाच दिलं का बेकर, हसाबिस आणि जम्परला? पुण्यात आम्ही हेच करतो.

---

बेंचवाला

पुण्यात करत असाल, नोबेलबद्दल आदरही आहे, पण डॉकिंगमध्ये काहीही बसतं हो. एस्ट्रोजेन बसवा, व्हॅनिलिन बसवा, सावजी मसाल्यातलं एखादं द्रव्य बसवा, स्कोअर छानच येणार.

एसडीआरची घडण म्हणजे रॉसमन फोल्ड. ती या कुटुंबात सगळ्यांची सारखीच. एकट्या माणसात या कुटुंबाची सत्तरहून जास्त जनुकं आहेत. कुणी रेटिनॉलवर चालतं, कुणी स्टेरॉइडवर, कुणी प्रोस्टाग्लँडिनवर, आणि सगळ्यांचा सांगाडा एकसारखा. म्हणजे फोल्डसीक जे सांगणार ते इंटरप्रोने आधीच सांगितलेलं आहे. सब्सट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्या रेणूवर काम करतं तो, ठरवणारा भाग म्हणजे शेवटाकडचा लूप. तो हलता असतो, आणि अल्फाफोल्डचा विश्वासांक नेमका तिथेच घसरतो. त्यातून डेटाबेसमधल्या मॉडेलमध्ये एनएडीपीएच (हायड्रोजन पुरवणारा मदतनीस रेणू, को-फॅक्टर) नसतं. को-फॅक्टरशिवाय रिकाम्या खिशात डॉक केलंत, तर एनएडीपीएचच्याच जागेवर सब्सट्रेट बसवून मोकळे व्हाल.

(बुटीबोरीला एका कंपनीत रिडक्टेज एन्झाइमांवरच पोट भरतो, म्हणून एवढं बोललो.)

---

संत्रावाला_काटोल

भाऊ हो, मधातच इचारतो, राग नका मानू. तुमची फळमाशी म्हंजे आमच्या संत्र्यावरची का? आंबिया बहाराले तोडनीच्या आंधी लय तरास देते. हे प्रोटीन बंद केलं त माशी मरते का? मरत असन त औषध कवा निंगते ते सांगा.

---

सुमनताई_धरमपेठ

संत्रावाला भाऊ, राग कसला. तुमची माशी वेगळी. संत्र्याला टोचून आत अंडी घालते ती बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस, टेफ्रिटिडी कुळातली. वैदेहीची ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर कुजायला लागलेल्या, आंबलेल्या फळावर येते आणि त्यातल्या यीस्टवर जगते. कुळंच निराळी. तुमच्यासाठी मिथाइल युजेनॉलचे सापळे, ज्यात नर अडकतात, आणि झाडाखाली गळलेली फळं रोज वेचून खोल पुरणं. हे तुम्ही करतच असाल. आणि वैदेहीने आत्ताच सांगितलं की हे जनुक दाबलं तरी तिच्या माश्या मजेत आहेत, तेव्हा औषधाचा विचार सोडा.

आता वैदेही, तू. मी प्राणीशास्त्र शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे थोडं लांबेल.

कुटुंबावरून काम सांगणं म्हणजे आडनावावरून धंदा सांगणं. देशपांडे दिसला की परगण्याचा हिशेब ठेवत असणार, असं आज कोणी म्हणेल का? माशीतलीच दोन उदाहरणं देते. पहिलं आयडीजीएफ प्रोटीनं. क्रम बघशील तर सरळ कायटिनेजचं कुटुंब. पण कायटिन तोडायला लागणारं ग्लुटामेट नेमक्या जागी बदललेलं आहे, म्हणून ती कायटिन तोडत नाहीत. पेशींच्या वाढीचे घटक म्हणून त्यांचा शोध लागला. दुसरं उदाहरण सेरीन प्रोटिएजचं. माशीत अशी पन्नासेक प्रोटीनं आहेत ज्यांचं घर प्रोटिएजचं, पण हिस्टिडिन, ॲस्पार्टेट, सेरीन या त्रिकुटातलं एखादं गळालेलं. डेटाबेसचं आपोआप लागणारं लेबल अशांनाही 'प्रोटिएज' म्हणून टाकू शकतं.

तेव्हा आधी सांग, तुझ्या प्रोटीनमध्ये उत्प्रेरक अवशेष, म्हणजे प्रत्यक्ष क्रिया घडवणारी अमिनो आम्लं, जागेवर आहेत का? सुरुवातीला टीजीएक्सएक्सएक्सजीएक्सजी (एकेक अक्षर म्हणजे एकेक अमिनो आम्ल; जी ग्लायसिन, वाय टायरोसिन, के लायसिन, एक्स कुठलंही), मध्ये कुठेतरी सेरीन, आणि त्याच्या दहाबारा घरं पुढे वायएक्सएक्सएक्सके. क्रम एकाखाली एक लावून केलेलं संरेखन स्वतःच्या डोळ्यांनी बघ, सर्व्हरच्या हिरव्या खुणेवर जाऊ नकोस.

---

कुळकर्णी_नळवाले

सुमनताईंशी सहमत. आडनाव कुळकर्णी, इतवारीत नळाच्या तोट्या विकतो. उधारीचा हिशेब बायको ठेवते.

---

टेबलफॅन

म्हणजे उत्प्रेरक अवशेष वहिनींकडे आहेत.

---

वैदेही_नाग

😂😂

सुमनताई, बसून पाहिलं. ग्लायसिनवाला तुकडा सुरुवातीलाच आहे. सेरीन आहे, टायरोसिन आणि त्यापुढे चौथ्या जागी लायसिन आहे, आणि त्यांच्या आधीचं ॲस्पॅराजिनसुद्धा आहे. म्हणजे चौघंही हजर. शिवाय दुसऱ्या बीटा पट्टीच्या टोकापाशी आर्जिनिन आहे, तिथे ॲस्पार्टेट नाही. त्याचं काही असतं का?

---

बेंचवाला

असतं म्हणजे काय! इतका वेळ हे दाबून ठेवलं होतंस होय. त्या जागी ॲस्पार्टेट असलं तर ते एनएडीच्या (एनएडीपीचाच जास्तीचा फॉस्फेट नसलेला भाऊ) रायबोजचे हायड्रॉक्सिल धरतं आणि एनएडीपीचा जास्तीचा फॉस्फेट दूर लोटतं. आर्जिनिनसारखं धनप्रभारी असलं तर त्याच फॉस्फेटला कवटाळतं. तेव्हा कल एनएडीपीकडे.

यावरून दिशेचाही अंदाज येतो. पेशीत एनएडीपीचा साठा बहुतेक एनएडीपीएचच्या, म्हणजे हायड्रोजन भरलेल्या, रूपात असतो, एनएडीचं नेमकं उलट. म्हणून एनएडीपीएचवर चालणारी एसडीआर पेशीत बहुधा रिडक्टेज म्हणून राबतात, कार्बोनिलचं (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाच्या गटाचं) अल्कोहोल करतात. टायरोसिन प्रोटॉन देतं, लायसिन त्या टायरोसिनचा पीकेए उतरवतं, म्हणजे त्याला प्रोटॉन सोडणं सोपं करतं, सेरीन सब्सट्रेटचा ऑक्सिजन धरून ठेवतं. चौघं जागेवर आहेत म्हणजे 'एनएडीपीएचवर चालणारं कार्बोनिल रिडक्टेज' इथपर्यंत बिनधास्त जा. कुठलं कार्बोनिल, तिथे थांब.

---

कोडवाला_पाटील

थांबा म्हणजे काय? बाई विचारतायत काम काय, आणि तुम्ही अर्ध्या वाटेत उतरायला सांगताय. डीएचआरएस११ शी ३८ टक्के साम्य आहे. एसडीआरमध्ये दोन सदस्यांत १५ ते ३० टक्के साम्य असलं तरी खूप, त्या मानाने हे बरंच वर आहे. मानवी प्रोटीन १७-कीटोस्टेरॉइडचं रिडक्शन करतं हे प्रयोगाने सिद्ध आहे. मग गाईडचं काय चुकलं?

---

सुमनताई_धरमपेठ

पाटील, माशीच्या अंगात एस्ट्रोजेन कुठून आणणार? कीटकांना स्टेरॉल स्वतः बनवताच येत नाही, ते अन्नातून घ्यावं लागतं. त्यातून जे मुख्य संप्रेरक होतं ते २०-हायड्रॉक्सिएक्डायसोन, कात टाकायला लावणारं. एस्ट्राडायॉल, टेस्टोस्टेरोन ही आपली भानगड आहे, माशीची नव्हे. परीक्षानळीत एन्झाइमने एस्ट्रोन घेतलं तरी 'माशीच्या शरीरात हेच याचं काम' असं म्हणता येत नाही.

आणि तेच मानवी डीएचआरएस११ अल्फा-डायकार्बोनिलवरही (शेजारीशेजारी दोन कार्बोनिल असलेले रेणू) चालतं, हे गाईडना सांगितलं का कोणी? दोन कामांतलं एक सोयीचं उचलायचं हे बरं नव्हे.

---

शेंगदाणा_लाडू

थोडा विरोध नोंदवतो. स्टेरॉइड पूर्ण वगळू नका. एक्डायसोनचं २०-हायड्रॉक्सिएक्डायसोन करणारं 'शेड' हे पी४५० (ऑक्सिजन जोडणाऱ्या एन्झाइमांचं घराणं) माल्पिघी नलिका आणि मध्यांत्रातही असतं. म्हणजे स्टेरॉइडचा व्यवहार तुमच्या या दोन ऊतींत होतो. कीटकांत एनएडीपीएच वापरून ३-डिहायड्रोएक्डायसोनचं रिडक्शन करणारी एन्झाइमं माहीत आहेत. तेव्हा १७-बीटा खोडा, पण एक्डायस्टेरॉइड यादीत ठेवा.

आणखी एक. इथे सगळे क्रमाकडून कामाकडे चाललेत. माशीत परंपरा उलटी आहे. आधी म्युटंट, मग एन्झाइम. व्हर्मिलियन हे डोळ्याच्या रंगाचं म्युटंट. बीडल आणि एफ्रुसी यांनी १९३० च्या दशकात एका अळीच्या डोळ्याची चकती दुसऱ्या अळीत बसवून रंगद्रव्याच्या पायऱ्या लावल्या. ते ट्रिप्टोफॅन डायऑक्सिजिनेज आहे हे मागाहून कळलं. एक्डायसोनच्या वाटेवरच्या हॅलोवीन जनुकांचंही तेच. फँटम, स्पुक, डिसएम्बॉडीड, शॅडो, शेड. क्युटिकल न बनलेले मेलेले भ्रूण आधी दिसले, ती पी४५० आहेत हे नंतर. त्यांच्यातलंच 'श्राउड' तर वैदेहीच्याच कुटुंबातलं एसडीआर. एक्डायसोनच्या वाटेवर ते हवंच हे जनुकशास्त्राने दाखवलं, पण त्या टप्प्यालाच लोक 'ब्लॅक बॉक्स' म्हणतात. फीनोटाइप (दिसणारा परिणाम) एवढा ठळक असूनही सब्सट्रेटवर बोट ठेवणं इतकं अवघड जातं.

---

टेबलफॅन

माशीच्या जनुकांची नावं बघता हे लोक अमावस्येला काम करतात वाटतं.

बाय द वे, नागपूरच्या मे महिन्यात माश्या जगतात कशा? आमच्या घरी कूलरपुढे माणसं जगत नाहीत.

---

वैदेही_नाग

बीओडी इनक्युबेटरमध्ये २५ अंशांवर, आणि राखीव स्टॉक १८ वर. सतत ३० च्या आसपास राहिलं की नर वांझ होतात, मग स्टॉक गेलाच म्हणून समजा. मे महिन्यात लाइट गेली की आम्ही बाटल्या घेऊन डिपार्टमेंटमधल्या एकमेव चालू एसीच्या खोलीकडे पळतो. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि अगर शिजवल्याचा वास ओढणीला कायमचा. आई म्हणते, लग्नाच्या बायोडेटात हे लिहू नकोस.

शेंगदाणा_लाडू, धन्यवाद. पण माझ्या आरएनएआयमध्ये फीनोटाइपच नाही. मग उलट्या वाटेने जाऊ कशी?

---

शेंगदाणा_लाडू

फीनोटाइप नाही म्हणजे काम नाही असं नव्हे. दोन गोष्टी तपासा. डीएचआरएस११ च्या जवळची माशीत एकापेक्षा जास्त प्रोटीनं आहेत. एक दाबलं की दुसरं भार उचलतं. एकास एक नातं नसतानाही गाईडचं नाव चिकटवायचं ठरवलं, तर या सगळ्या भावंडांना तेच चिकटवावं लागेल. ते हास्यास्पद.

दुसरं, तुमच्या माश्या गूळ-मका खाऊन सुखात आहेत. माल्पिघी नलिका म्हणजे माशीची किडनी, आणि लिव्हरचं बरंचसं विषनिवारणही तिथेच. विषच दिलं नाही तर निवारण दिसणार कसं? अन्नात मिथाइलग्लायॉक्झाल किंवा डायअसिटिल (दोन्ही डायकार्बोनिलच) वेगवेगळ्या मात्रांत घाला. आंबलेल्या फळात डायअसिटिल असतंच, म्हणजे माशीच्या खऱ्या आयुष्याशी जुळतं. दाबलेल्या माश्या आधी मेल्या तर धागा सापडला.

---

संत्रावाला_काटोल

म्हंजे उपाशी ठेवून नाई, इष देऊन पाहाचं. हे आमाले समजलं.

---

बेंचवाला

काटोलवाले, तुमच्यासारखा एक माणूस प्रत्येक कमिटीत हवा.

वैदेही, माश्यांआधी नळीतलं करून घे, स्वस्तात होतं. ई. कोलाय बॅक्टेरियात हिस-टॅग (निकेलला चिकटणारी शेपटी) लावून बनव. ३७ अंशांवर ठेवलंस तर बरंचसं इन्क्लुजन बॉडीत, म्हणजे न विरघळणाऱ्या गोळ्यांत, जाईल. १८ अंश, आयपीटीजी (प्रोटीन बनवायला लावणारं रसायन) कमी, रात्रभर. निकेल कॉलम. मग ३४० नॅनोमीटरवर एनएडीपीएचचं शोषण उतरताना बघायचं. शोषण गुणांक ६२२०, एनएडीपी तिथे शोषत नाही, त्यामुळे हिशेब सरळ.

सापळा एकच, आणि त्यात लोक पडतात. ई. कोलायची स्वतःची कार्बोनिल रिडक्टेज एन्झाइमं असतात. निकेल कॉलममधून ती थोडीफार सोबत येतात आणि सब्सट्रेट डायकार्बोनिल असला की हमखास ॲक्टिव्हिटी दाखवतात. म्हणून ब्लँक बफरचा नको. तुझं जनुक नसलेल्या, रिकाम्या प्लाझ्मिडच्या कोलायचा अर्क त्याच कॉलममधून काढ, आणि टायरोसिनचं फिनिलॲलॅनिन केलेला म्युटंट त्याच दिवशी, त्याच हाताने शुद्ध कर. माशीच्या अल्कोहोल डिहायड्रोजिनेजमध्ये १५२ नंबरचं टायरोसिन बदललं की काम बंद पडतं, हे जुनं आणि पक्कं. तुझ्या म्युटंटमध्येही उतार तसाच राहिला, तर ती ॲक्टिव्हिटी तुझी नाही, कोलायची.

---

कोडवाला_पाटील

माशीचं अल्कोहोल डिहायड्रोजिनेज? त्यात जस्त असतं ना, मग इथे त्याचा काय संबंध?

---

बेंचवाला

जस्त आपल्या लिव्हरवाल्यात. माशीचं एडीएच हेच शॉर्ट-चेन कुटुंब, जस्त नाही. एकच काम, दोन वेगळी घराणी. बीएस्सीच्या पेपरात विचारावा असा प्रश्न आहे.

---

कोडवाला_पाटील

बरं. म्हणजे कामावरून घराणं नाही आणि घराण्यावरून काम नाही. मग आम्ही संगणकवाल्यांनी करायचं काय, चहा आणू?

---

सुमनताई_धरमपेठ

आणा की, पण सोबत एक कामही करा. डेटाबेसमध्ये 'ऑक्सिडोरिडक्टेज' जे लिहिलंय त्यापुढचा पुरावा-कोड काढून द्या तिला. आयईए असेल तर माणसाचा हात न लागता संगणकाने लावलेलं. आयएसएस म्हणजे क्रमसाम्य कोणीतरी नजरेखालून घातलेलं. आयडीए म्हणजे थेट चाचणी, आयएमपी म्हणजे म्युटंटवरून. आणि साम्य दाखवायला ज्या प्रोटीनचा आधार घेतलाय, त्याचा स्वतःचा कोड काय तेही बघा. कधीकधी तोही आयईएच निघतो. यानं त्याच्याकडून घेतलं, त्यानं तिसऱ्याकडून, आणि चाचणी कोणीच केलेली नसते. उद्या वैदेहीने १७-बीटा छापलं, की पुढच्या वर्षी डझनभर कीटकांच्या जीनोममध्ये तेच नाव जाऊन बसेल.

---

कोडवाला_पाटील

तिने नंबर व्यनि केला, पाहिलं. आयईए, डोमेनवरून लागलेलं. ताई, चहा घ्या.

एक भर मात्र घालतोच. सगळ्या कीटकांतले या प्रोटीनचे नातेवाईक घेऊन वंशावळीचं झाड काढलं. माशीतली भावंडं ड्रॉसोफिलाच्या फांदीवरच फुटलेली दिसतात, म्हणजे जनुक दुप्पट होणं मानवी रेषेपासून वेगळं झाल्यानंतरचं. उत्प्रेरक चौकडी सगळ्यांत शाबूत, शेवटाकडचा लूप मात्र प्रत्येकात वेगळा. रसायन तेच राखून सब्सट्रेट पांगलेत असा माझा अंदाज. हे तरी मान्य करा.

---

बेंचवाला

मान्य. या धाग्यातलं संगणकावरचं हे सगळ्यात कामाचं. कमिटीपुढे पहिली स्लाइड झाडाचीच ठेवा.

---

वैदेही_नाग

मंडळी, दोन दिवस इथेच होते, कॅम्पसवर कमी. सिनॉप्सिससाठी असं लिहिलंय, बघा:

"उत्प्रेरक अवशेष शाबूत असल्याने आणि को-फॅक्टरच्या खिशात आर्जिनिन असल्याने हे प्रोटीन एनएडीपीएचवर चालणारं कार्बोनिल रिडक्टेज असावं. माल्पिघी नलिका आणि मध्यांत्रातली अभिव्यक्ती पाहता अन्नातून येणाऱ्या डायकार्बोनिल संयुगांचं निवारण ही पहिली शक्यता, एक्डायस्टेरॉइडचं रूपांतर ही दुसरी. डायअसिटिलवर ॲक्टिव्हिटी न मिळाल्यास आणि जनुक दाबलेल्या माश्या डायअसिटिलला नेहमीच्या माश्यांइतक्याच टिकल्यास पहिली शक्यता सोडून देण्यात येईल."

गाईडना वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य काढ म्हणाले, कमिटी त्यावरच धरेल.

---

सुमनताई_धरमपेठ

ते वाक्य ठेव. धरू दे की. बाकी सगळी वाक्यं कोणीही लिहील, तेवढंच तुझं आहे. फक्त 'ॲक्टिव्हिटी न मिळाल्यास' याच्या आधी 'प्रोटीन नीट घडलेलं असल्याची खात्री करून' घाल. नाहीतर चुरगळलेलं प्रोटीन घेऊन बसशील आणि चांगली कल्पना फेकून देशील.

---

शेंगदाणा_लाडू

+१. खात्रीसाठी थर्मल शिफ्ट करा, म्हणजे तापवत नेऊन प्रोटीन कधी उलगडतं ते बघा. रिअल-टाइम पीसीआर मशीन आणि सायप्रो ऑरेंज रंगद्रव्य, बस. एनएडीपीएच घातल्यावर वितळण्याचं तापमान वर सरकलं आणि एनएडीएचने सरकलं नाही, तर घडणही बरोबर आणि आर्जिनिनचा तर्कही बरोबर. एका प्लेटमध्ये दोन्ही.

---

वैदेही_नाग

हे आमच्याकडे होण्यासारखं आहे! मशीन शेजारच्या विभागात आहे, त्यांना तर्री पोहे खिलवावे लागतील इतकंच.

सब्सट्रेट कुठले मागवू? बजेट तोकडं आहे.

---

बेंचवाला

डायअसिटिल आणि मिथाइलग्लायॉक्झाल स्वस्त आहेत, आधी तेच. सोबत आयसॅटिन आणि ९,१०-फेनान्थ्रीनक्विनोन घे. माशीत त्यांचं काम असेल म्हणून नव्हे. कार्बोनिल रिडक्टेज जिवंत आहे का ते पाहायला ही दोन्ही नेहमीची. फेनान्थ्रीनक्विनोन पाण्यात नीट विरघळत नाही, डीएमएसओ द्रावकात कर आणि तेवढंच डीएमएसओ ब्लँकमध्येही टाक. तो रंगीत आहे, तेव्हा एन्झाइम न घालता ३४० ला एकदा रीडिंग घेऊन ठेव. एस्ट्रोन सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशात, गाईडच्या समाधानासाठी.

---

कुळकर्णी_नळवाले

लॅबच्या बेसिनची तोटी गळत असेल तर तेवढं सांगा, इतवारीतून घरपोच देतो.